उसना गलका

माह्या संघपालनं आपल्याच गावाले खोटं पाडलं, अन् वरतून मलेच म्हनते, "माय, तुले त्यातलं समजत नाई." चौथीपर्यंत शिकली मी. पन माहे कान काई चौथीतले नाईत.

संघपाल माहं शेंडेफळ. पुन्यात नोकरी करते अन् चार मित्राईसंग बँड चालवते. हेवी मेटल म्हनतात त्याले. काळे कपडे, खांद्यापर्यंत केस, अन् गातानी असे गळे काढतात का वाटावं कोनाचं बोट दारात चेंगरलं. संघपाल ड्रम बडवते, दोनी हातानं अन् दोनी पायानं. हात मात्र त्यानं बापाचा उचलला. आमचे दौलतराव गायन पार्टीत ढोलक वाजवत. आमच्या वाशिम जिल्ह्यात शेलूबाजारपर्यंत कुठंबी जयंती असली का त्याईले बोलावनं ठरलेलंच.

मांगच्या वर्षी फेब्रुवारीत हा म्हने, "माय, लाईव्ह अल्बम करायचा हाय. लोकाईसमोर वाजवायचं अन् तेच रेकॉर्ड करायचं. आपल्या रिठदातच करतो. बाबाले आयकवायचं हाय." बाबाच्या छातीचं दुखनं तवा सुरू झालं होतं.

मंग मी घरोघर फिरली. "माह्या पोराचा कार्यक्रम हाय. पांढरं नेसून या. कोनी गलका केला तं माह्याशी गाठ हाय."

सारा मोहल्ला आला. समाजमंदिरापुढं सतरंज्या टाकल्या, त्याच्यावर पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, मांडीवर लेकरं. समोर हे पाच काळे. लोकाईचा आवाज धराले पुढच्या रांगेपाशी माईक उभे केले होते. पोरं दीड घंटा थयथय नाचले, पन सतरंजीवर कोनी मांडी बदलली नाई. गानारा पोरगा घसा फाडून ओरडला, "रिठद, आवाज!" कोनी हूं का चूं केलं नाई. माही मान ताठ झाली. म्हनलं, याले म्हनतात गाव.

दौलतराव पुढं खुर्चीवर, शाल पांघरून, अन् मी बाजूले. एका गान्यात सारे थांबले अन् संघपाल एकटाच वाजवाले लागला. वाजवता वाजवता झटक्यात थांबला. तवा दौलतरावाचा हात वर गेला. "जियो बाप्पा!" म्हनले, अन् पुढं अजून काईतरी. तेवढंच मले याद हाय.

आमी सोयाबीन सोंगत होतो तवा ते गेले. घरात फोटो हाय, ढोलक हाय, काठी हाय. आवाज कुठंच नाई. पोराचा फोन आला का मीच बोलायची, त्याईच्या हाती देतच नव्हती. तवापासून मी त्या अल्बमाचीच वाट पाहत होती.

यंदा मार्चात तो आला. नात पिंकीनं मोबाईलवर लावून देला. दूरदूरच्या लोकाईनं खाली लिहिलेलं ती वाचत होती, "काय पब्लिक हाय भाऊ! वाशिम पेटलं!"

शेजारची गोमतीबाई म्हने, "दुर्गाबाई, आपन कवा पेटलो वो? माह्या तं पायाले मुंग्या आल्या होत्या."

मी त्याच गान्यासाठी बसली होती. ड्रम थांबला. अन् त्या जागी हजार मानसं हो-हो करून बोंबलले. दौलतराव नाई. पिंकीले सात खेपा लावाले लावलं. नाईच.

एप्रिलात जयंतीले संघपाल घरी आला, तं मी त्याले दारातच धरलं.

"कोन लोक हाय ते बोंबलनारे?"

"असे आवाज कंप्युटरवर भेटतात माय. तुमी सारे दगडावानी बसले होते. लाईव्ह अल्बमात पब्लिक नसलं तं लोक हासतात."

"अन् तुहा बाप?"

तो खाली बसून बुटाची लेस सोडत राह्यला. सुटलेलीच लेस. "बाबाच्या मांगं दुसरा आवाज हाय माय. म्हून कापलं. नको आयकू."

"लाव."

"माय…"

"लाव म्हनलं ना."

त्यानं लॅपटॉप उघडला अन् माह्या कानावर ते मोठं हेडफोन बसवलं. आधी ड्रम. मंग शांत. कोनाचं तरी लेकरू खोकललं. अन् अगदी कानापाशी, शालीतून बोलल्यावानी, दौलतराव. "जियो बाप्पा! हा हात माहा हाय, माह्या…"

अन् एक बाई. कडक आवाज.

"चूप बसा. लोक पाहून राह्यले."

मीच.

गानं सरेपर्यंत आयकलं. त्याच्या पुढचीबी आयकली, सारीच. खोकल्याचा आवाज आला दोनदा. बोलले नाईत ते.

हेडफोन काढून मी मांडीवर ठेवलं. संघपाल माह्याकडं पाहत नव्हता. माही लाज झाकाले पोरानं बापाचा आवाज कापला होता.

"आयक संघपाल," म्हनलं मी, "तुहा अल्बम खोटा हाय. ते परके लोक हाकलून दे, अन् आमी जसे मुके बसलो होतो तसेच बसव. बापाले त्याच्या जागी ठेव. अन् माहं बोलनं कापशील तं या दारात पाय ठेवू नको. चाळीस वर्सं त्याईले चूप बसवलं मी. आयकू दे लोकाईले, कोन बसवत होतं."