फुलं आली की जाऊ

मी बोलतेय, कालांचो. सिंगापूरच्या वुडलँड्समधल्या एका ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर, दाराबाहेर चपलांच्या कपाटावर माझी कुंडी असते. नाव तोंडात बसत नसेल तर पानफुटीची लांबची बहीण म्हणा, त्याचा मला राग नाही. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. तो सांगायलाच तोंड उघडलंय.

माझा जन्म मलेशियातल्या थंड डोंगरावरचा. बी नाही, बारसं नाही. आईची फांदी मोडून मातीत खोचली, ती मी. तिथे आम्ही हजारोंनी होतो. संध्याकाळचे पाच वाजले की मळ्यातली माणसं आमच्यावर काळं कापड ओढायची आणि सकाळी आठला काढायची. आधी वाटलं, काय हा जाच! मग कळलं. आमच्या जातीला फुलायला लांबलचक काळोख लागतो. रोजचे चौदा-पंधरा तास, तेही दीड महिना. मध्येच दिवा लागला की मुसळ केरात.

चिनी नववर्षाच्या तोंडावर आम्हाला ट्रकात भरून पुलावरून सिंगापुरात आणलं. तेव्हा मी केशरी फुलांनी गच्च भरले होते. गळ्यात लाल रिबीन बांधून मॉलच्या दाराशी बसवलं होतं. तिथून मला प्रबोधने उचललं.

प्रबोध बँकेत आहे. बायको चैत्राली, तीही नोकरी करते. मुलगी अनुया दहा वर्षांची. आणि त्याची आई संजीवनीबाई, इस्लामपूरची. नवरा गेल्यावर चौथ्या महिन्यात मुलाने तिला इकडे आणलं. "तीन महिने राहा, बदल होईल," म्हणाला. बाई तीन महिन्यांच्या हिशोबाने लुगडी घेऊन आली. पुढे तो तिच्या इथे राहायच्या पासाची मुदत वाढवत गेला आणि ती रोज विचारत गेली.

"प्रबोध, तिकीट काढलंस का रे?"

"काढू, आई."

"काढू म्हणजे कधी? घर बंद आहे. नळाचं वायसर गेलंय. शैलाला किल्ली दिलीय, पण ती तरी किती बघेल?"

शैला म्हणजे तिकडची शेजारीण. इस्लामपूरला दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात जास्वंद, एवढंच ते घर. नवऱ्याने हौसेने मुलाच्या नावावर केलेलं. पण जीव तिचा होता त्यात.

एप्रिलात माझी फुलं सुकून गेली. त्या दिवशी प्रबोध बूट घालत होता आणि बाईने परत तिकिटाचं काढलं. त्याला उशीर होत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "हे बघ आई, हिला परत फुलं आली की जाऊ. मी स्वतः सोडायला येतो. झालं?"

लहान पोराला उद्या चंद्र आणून देतो म्हणतात, त्या सुरात म्हणाला. म्हणणारा लिफ्टमध्ये शिरला आणि विसरला. ऐकणारी तिथेच उभी राहिली.

त्या दिवसापासून माझी जी सेवा सुरू झाली, ती शत्रूचीही होऊ नये. चहाचा चोथा आला. तांदळाचं धुवण आलं. आंबट ताकाचं पाणी आलं. त्यावर कहर म्हणजे देवाचं पाणी. बाईने गावाहून रांगता बाळकृष्ण आणलाय. त्याला रोज अंघोळ. ते पाणी ओतायचं कुठे? गावी तुळशीत जायचं. इथे तुळस नाही.

"आई, सिंकमध्ये ओता ना," चैत्राली म्हणाली.

"मोरीत? देवाचं पाणी? तू ओतशील, मी नाही."

मग ते माझ्या मुळाशी. एकादशीला पंचामृत, दूध, मध, साखर, सगळं माझ्या मुळाशी. अहो, मी जाड पानांची बाई. आठवड्यातून एकदा घोट मिळाला तरी माझं भागतं. मला न्हाऊ-माखू घालून ती बुडवत होती. खालची पानं पिवळी पडली, बुंध्याशी लिबलिबीत झालं, मुंग्यांची रांग लागली.

चैत्राली कडाडली, "आई, खालच्या ताटलीत पाणी साचतंय. डासांचं चेकिंग करणारे आले तर दंड होईल आपल्याला!"

"आणि हिला फुलं आली नाहीत तर मला काय होईल, ते कोण चेक करणार?" बाई म्हणाली. चैत्रालीने ताटली उचलून पाणी ओतून टाकलं. ती वाईट नाही. तिला खरं काय ते माहीत होतं.

मलाही माहीत होतं. या फ्लॅटची माणसं जे घरात बोलत नाहीत, ते बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन फोनवर बोलतात. मे महिन्यातली गोष्ट. प्रबोध दार ओढून घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

"हॅलो, रवींद्रमामा? हो, ताबा देऊन टाका त्यांना. भांडी, कॉट, कपाट, कुणाला हवं त्याला द्या. नाही, आईला नाही सांगितलं अजून. एकटी राहणार म्हणते तिथे. बाबांच्या वेळी दवाखान्यात न्यायला कोण होतं? मी इथून फोनच करत बसलो. परत नाही व्हायचं माझ्याच्याने. सांगेन मी तिला. बघतो."

म्हणजे घर विकलेलं. आणि आत बाई पोळ्या लाटत होती. पोराची भीती खरी होती, हे मीही मान्य करते. पण खऱ्या भीतीने बोललेलं खोटं, खोटंच असतं.

मला वाटायचं, ओरडून सांगावं. पण कुंडीला तोंड नाही. आणि फुलावं म्हटलं तर तेही हातात नाही. या कॉरिडॉरमध्ये संध्याकाळी सातला जे दिवे लागतात, ते सकाळी सातलाच विझतात. काळोख म्हणून नाहीच. मला फुलं कुठून येणार!

हे ओळखलं शेजारच्या लिम आंटीने. सत्तरीची चिनी बाई, दारात दहा कुंड्या. दोघींची भाषा एक नाही. संजीवनीबाई मराठीत बोलायची, आंटी वाक्यागणिक 'लह' लावून तिच्या इथल्या इंग्रजीत, मधे अनुया. एका दुपारी आंटीने माझं पान दाबून बघितलं, माती हुंगली आणि कपाळावर हात मारला.

"अय्यो! टू मच वॉटर! अँड नाइट टाइम लाइट ऑन, हाउ टू फ्लॉवर? मस्ट स्लीप लह!"

"काय म्हणते गं?"

"आजी, ती म्हणते पाणी फार झालं. आणि नाइटला लाइट असतो ना, तर झाडाला स्लीप येत नाही. स्लीप नाही तर फ्लॉवर कॅनॉट लह."

"तिला सांग, मलाही येत नाही."

अनुयाने सांगितलं. आंटी हसली नाही. घरात गेली आणि राइस कुकरचा रिकामा खोका घेऊन आली. माझ्यावर पालथा घालून दाखवला. हाताची पाच बोटं, मग आठ बोटं. पाच वाजता घाल, आठ वाजता काढ. माझ्या मळ्याचंच वेळापत्रक!

आंटीनेच माझी सडलेली मुळं कात्रीने काढली आणि मला कोरड्या रेताड मातीत बसवलं. देवाच्या पाण्याचं काय करायचं? बाईने त्याचीही वाट काढली. रोज सकाळी तांब्या पदराखाली धरून लिफ्टने नऊ मजले खाली जायची आणि ब्लॉकसमोरच्या झाडाच्या बुंध्याशी ओतून यायची. जिला पहिले पंधरा दिवस लिफ्टमध्ये पाय टाकायची भीती वाटायची, ती.

एक दिवस चुकली नाही. पाच म्हणजे पाच. भाजी चिरत असली तर तशीच उठायची. "चला, झोपा आता," म्हणायची आणि खोका घालायची. एकदा सगळे कुणाकडे टॅम्पिनीसला जेवायला निघाले, तर ही म्हणाली, "तुम्ही जा. मला पाचला काम आहे." प्रबोध हसला. चैत्राली नाही हसली.

सातव्या आठवड्यात माझ्या शेंड्याशी मोहरीएवढ्या कळ्या धरल्या. अकरा. बाईने चष्मा लावून तीनदा मोजल्या. मग आंटीचं दार वाजवलं. आंटी बाहेर आली, तिनेही मोजल्या, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून कॉरिडॉरमध्ये हसत उभ्या राहिल्या.

"आय गो होम," बाई म्हणाली. एवढं इंग्रजी तिने अनुयाकडून पाठ करून घेतलं होतं.

त्याच दिवशी बॅग काढली. शैलासाठी बामाच्या बाटल्या, मामाच्या नातवंडांना चॉकलेटं. संध्याकाळी प्रबोध आला तेव्हा ती दारातच उभी.

"बघ! आलं का फूल? आता शब्द पाळ."

"अगं आई, या नुसत्या कळ्या आहेत."

"कळ्यांचं फूलच होतं, दुसरं काय होतं? तिकीट काढ."

ती आत गेल्यावर चैत्राली बाहेर आली. हळू आवाजात, पण दात खाऊन म्हणाली, "आजच्या आज सांग त्यांना. तुला होत नसेल तर मी सांगते."

"तू काही बोलू नकोस. मी बघतो."

त्याने काय बघितलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी सहा वाजता, घरातली सगळी उठायच्या आधी, तो ऑफिसचे कपडे घालून बाहेर आला. खोका उचलला. इकडेतिकडे पाहिलं. आणि नखाने एकेक कळी खुडली. अकराच्या अकरा. खिशात घातल्या, खोका होता तसा ठेवला आणि गेला.

त्याचे डोळे भरले होते. म्हणून काय झालं? रडत रडत खुडली म्हणून कळी परत चिकटत नाही.

आठला बाईने खोका काढला. चष्मा लावला, कुंडी फिरवून बघितली. अनुया शाळेची बॅग घेऊन आली. "आजी, बर्डने खाल्लं का?"

"खोक्याखाली कसला पक्षी, बाळ?"

तिने माझ्या शेंड्यावरून बोट फिरवलं. जन्मभर तुळशीच्या मंजिऱ्या खुडलेली बाई ती. गळालेली कळी कोणती आणि नखाने तोडलेली कोणती, हे तिला कुणी शिकवायला नको. आणि आपल्या पोराला एक कळी एवढी का जड झाली, हे समजायलाही तिला फार वेळ लागला नाही: परत जायला घरच उरलं नसणार. मुलं समजतात तेवढ्या म्हाताऱ्या खुळ्या नसतात.

त्या संध्याकाळी ती माझ्याशेजारी स्टूल टाकून बसली. प्रबोध आला, बुटाची नाडी सोडायला वाकला. तिने वाकलेल्यालाच विचारलं.

"घर विकलंस?"

"आई, आत चल, नीट..."

"हो का नाही?"

"हो."

"कधी?"

"मे महिन्यात."

"ह्यांचा फोटो होता भिंतीवर."

"तो मामाने काढून ठेवलाय. मी मागवून घेतो."

तिने माझ्या खुडलेल्या शेंड्याला हात लावला. मग म्हणाली, "तू जाऊ देणार नव्हतास, ते तोंडाने सांगायचं होतंस. मी भांडले असते, रडले असते, चार दिवस जेवले नसते. पाचव्या दिवशी जेवले असते. पण झाडाला कशाला हात लावलास रे?"

तो तिथेच फरशीवर बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. तिने डोक्यावरून हात फिरवला नाही. डोकंही दूर सारलं नाही. "ऊठ, पानं घेतलीत," म्हणाली आणि आत गेली.

आज या गोष्टीला महिना झाला. खोका कागदाच्या रद्दीत गेला. बॅग पलंगाखाली. बाई स्वयंपाक करते, अनुयाची वेणी घालते, तिकिटाचं नाव काढत नाही. ती ते कधी काढते, याची प्रबोध वाट बघतो. तिने भांडावं म्हणून तो आता घरी लवकर येतो. ती भांडत नाही.

शेंडा खुडला की आमच्या जातीचं झाड बगलेतून फुटतं. मागच्या आठवड्यात मला खाली, पानाआड चार कळ्या आल्या. अंधारात काढलेल्या त्या दिवसांची ती शिल्लक. मला वाटलं, बघून तिला थोडं बरं वाटेल. काल तिला त्या दिसल्या. ती आजूबाजूला बघून माझ्यावर वाकली आणि स्वतःच्या नखाने चारही खुडल्या.

"नको येऊस बाई आता," मला म्हणाली. "परत त्याच्यावर खुडायची वेळ येईल."

आता माझा बुंधा एका बाजूने काळा पडलाय. आंटी रोज बघते आणि मान हलवते. मी किती दिवसांची आहे, ते मला माहीत आहे, त्याचं काही नाही. पण तुम्ही पोरंबाळं असाल, आईबापांना समुद्रापार घेऊन आला असाल, तर एक ऐका. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. झाडामाडांच्या आड लपू नका. आम्ही मुकी असतो, पण शब्द आमच्यावर टाकला की आम्हाला त्याचं ओझं होतं.

आणि कधी या मजल्यावर आलात, तर माझ्याकडे बघून "हिला फुलं नाही का येत?" असं मोठ्याने विचारू नका. दार उघडं असतं. ती आतच बसलेली असते.