नसलेल्या हाताची मूठ

माझ्या नवऱ्याला डावा हात नाही, पण त्या हाताची मूठ आवळलेली आहे. महाडच्या सेजल मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा वाटलं, आमरपाली, आता ह्या तुलाच तपासायला घेणार. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर त्या, वय फार तर तिशीचं. पण त्या हसल्या नाहीत.

"नखं रुततात तळव्यात," हे म्हणाले. "रात नाय, दिवस नाय. उघडायला जातो तर उघडत नाय."

"असं बऱ्याच जणांचं होतं, राजेंद्रदादा," मॅडम म्हणाल्या. "वेडबिड लागलेलं नाही तुम्हाला."

हे एवढं ऐकायला आम्हाला नऊ महिने लागले होते. तोवर सासूबाईंचं एकच, "हात पुरताना कोणी बोटं सरळ केली नाय. मूठ मिटलेली गेली, मग दुखणारच." येसूबाई हे सासूबाईंचं नाव वाडीत तसं धाकाचं. त्यांच्यासमोर मी कशाला बोलते? बोलायचं तर माझ्याकडे दुसरंच होतं, आणि तेही मी गिळून बसले होते.

कापड्याला आमची भाताची गिरणी आहे. दिवाळी झाली की नवं भात भरडायला दारात पोत्यांची रांग लागते आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. लाईट आली तरी गिरणी आपोआप सुरू होऊ न देणारा स्टार्टर जळाल्यापासून आम्ही साध्या बटनावर भागवत होतो. लाईट गेली की ह्यांचा नियम ठरलेला, आधी बटन बंद, मग बाकीचं. माझं उलटं. मी बटन चालूच ठेवणार. म्हणजे लाईट आली की गिरणी आपोआप धडधडते आणि चुलीपाशी बसल्या जागी कळतं, सारखं उठून बघायला नको. गावात अर्धी माणसं पंपाचं असंच करतात. ह्यावरून ह्यांनी मला दोनदा चांगलं झापलं होतं. पण ऐकेल ती मी कसली?

त्या दिवशी लाईट गेली. ह्यांनी बटन बंद केलं आणि पट्टा घसरला होता तो बघायला यंत्रामागे वाकले. मी सूप घ्यायला पुढच्या दाराने गिरणीत आले. बटन बंद दिसलं, हे दिसले नाहीत. चहाला गेले असतील, असं माझं मीच ठरवलं, बटन चालू केलं आणि तव्यावरच्या भाकरीकडे पळाले. एक हाक मारली असती तर काय तोंड झिजलं असतं माझं? भाकरी उलटते तोच लाईट आली. गिरणीच्या आवाजात त्यांचा आवाज मला आधी कळलासुद्धा नाही.

बटन बंद करायचं ह्यांच्याकडून राहिलं, असं सगळ्यांनी धरलं. शुद्धीवर आल्यावर ह्यांनीही तेच धरलं. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मग चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कोणी नुसतं 'लाईट आली' म्हटलं तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं.

सेजल मॅडमनी टेबलावर उभा आरसा ठेवला. उरलेला डावा दंड आरशामागे लपवायचा, उजवा हात पुढे ठेवायचा. आरशात बघितलं की उजव्याचाच डावा झालेला दिसतो. "आता दोन्ही मुठी हळूहळू उघडा," त्या म्हणाल्या. मला वाटलं, जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पण ह्यांनी आरशात बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी बाहेर बाकावर जाऊन बसले.

तीन आठवडे आरसा चालला. हात दिसायचा, मूठ उघडायची नाही. मग एकदा मॅडमनी विचारलं, "दादा, तेव्हाचं सगळ्यात जास्त काय आठवतं?"

"बटन," हे म्हणाले. "मीच बंद केलं नाय. माझा हात मीच घालवला."

मॅडमनी आरसा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "दुखणं किती द्यायचं हे मेंदू ठरवतो. हाताकडून नवी बातमी येत नाही म्हणून तो शेवटचीच धरून बसलाय. वर तुम्ही रोज स्वतःला दोष देता. मग त्याला वाटतं, धोका टळलेलाच नाही. तो मूठ कशाला सोडेल?"

मी शेजारच्याच खुर्चीत होते. ती मूठ कोण आवळून बसलंय ते मला त्या दिवशी कळलं. एस्टीत पोलादपूरपर्यंत मला स्वतःची किळस येत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर हे घरच्या आरशासमोर बसले. आरसा मी धरला होता.

"अहो, बटन तुम्ही बंद केलं होतं," मी म्हणाले. "मी चालू केलं."

सूप, भाकरी, न मारलेली हाक, सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता आरसा फुटेल. फुटू दे.

"नाय गो," हे म्हणाले. "मला सपष्ट आठवतंय. वाकताना मागं बघितलं मी. बटनाचा लाल दिवा पेटलेला होता. दिसला तरी उठलो नाय."

"लाईट गेली होती ना? दिवा पेटणार कुठून?"

"ते मला माहीत नाय. आतासुद्धा दिसतोय मला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती मॅडम बोलली आणि तू दोष अंगावर घ्यायला निघालीस. मला कळत नाय काय?"

"शपथ घेते, मी खरं—"

"गप बस. माझ्यासाठी एवढं कोणी केलं नाय."

असं म्हणून ते रडायला लागले. हॉस्पिटलातही रडले नव्हते. रडतारडता आरशातली बोटं एकेक करून सुटत गेली, आणि त्यांनी असा श्वास सोडला की मला आरसा घट्ट धरावा लागला.

"उघडली गो," ते म्हणाले. "आये, बघ. हिनं मूठ सोडवली."

सासूबाई पडवीतून आल्या. जन्मात कधी नव्हे तो त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मी परत एकदा सांगणार होते. पटवलंही असतं. पण ह्यांची बोटं सरळ होती, आणि माझं तोंड उघडेना.

आता हे गिरणी चालवतात, एका हाताने. मूठ पुन्हा मिटली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मात्र काम करताकरता थांबतात आणि विचारतात, "बटन खरंच तू चालू केलेलंस काय गो?"

आणि मी म्हणते, "नाय हो. खोटं बोलले होते."