एक ॲक्सल, दोघींचा हट्ट

चाक गाडीच्या पुढे निघून गेलेलं आधी सासूबाईंनी पाहिलं. "अगं, ते चाक आपलं तर नव्हे?" त्यांनी विचारलं, तोवर जीपचा मागचा कोपरा रस्त्यावर आपटून घासत चालला होता. वहिनीने कशीबशी गाडी कडेला घेतली. कुणाला खरचटलंही नाही.

वहिनी जमीनमोजणी खात्यात होती. मोजणीची यंत्रं घेऊन तिला डोंगरातल्या कच्च्या वाटांनी फिरावं लागे. त्याच जीपमधून ती सासूबाईंना दवाखान्यात नेई. रविवारी मात्र जीप नणंदेची. नणंदेला घरात सगळे भिंगरी म्हणत. दगडधोंड्यांतून गाडी चढवायची म्हटलं की तिला तहानभूक आठवत नसे.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने मोडलेला हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, बाकावर ठेवला. "तुमच्या जीपमध्ये चाकाचा भार या दांड्यावरच असतो. दांडा मोडला की चाक मोकळं."

"मग जाड दांडे घाला आणि दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा तो डिफरेन्शियल वेल्ड करून टाका," भिंगरी म्हणाली. "एक घाव दोन तुकडे. दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरतील."

"माझ्या गाडीला तेच केलंय," मिस्त्री म्हणाला.

"द्या बघू किल्ली," वहिनी म्हणाली.

तिने भिंगरीला शेजारी बसवलं आणि मिस्त्रीची गाडी बाजाराच्या अरुंद गल्लीत घातली. प्रत्येक वळणावर मागची चाकं फरफटत किंचाळत होती. गाड्या धुण्याच्या दुकानापुढे रस्ता ओला होता. तिथे मागची बाजू सरकली आणि एका सायकलवाल्याच्या अगदी जवळून गेली. सायकलवाल्याने दोघींचा मनसोक्त उद्धार केला.

"आईंना यात बसवू?" वहिनीने विचारलं.

भिंगरीला नाही म्हणावंच लागलं. पण हार मानली तर ती भिंगरी कसली? दुसऱ्या दिवशी तिने मित्राची साधी गाडी आणून वहिनीला एका घळीत नेलं. मागचं एक चाक अधांतरी झालं आणि नुसतंच गरगर फिरत राहिलं. सगळा जोर त्या हवेतल्या चाकात वाया गेला. गाडी तसूभर हलेना.

"तुझी मोजणीची यंत्रं घेऊन इथे अडकलीस तर?" भिंगरीने विचारलं. वहिनी खाली उतरून गाडी ढकलू लागली.

त्या संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात वाद घालत बसल्या. वहिनीचा नवरा निमूटपणे भांडी घासत होता. बायको आणि बहीण यांच्यामध्ये पडण्यापेक्षा ते काम कितीतरी सुखाचं होतं.

"रस्त्यावर चाकं आपापली फिरली पाहिजेत," वहिनी शेवटी म्हणाली, "आणि चढावर खटका ओढला की एकत्र. शिवाय दांडा मोडला तरी चाक जागेवर राहिलं पाहिजे. या तिन्हींशिवाय मी मागचा नवा ॲक्सल, म्हणजे चाकांचा अख्खा आस, बसवू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये हे ऐकून मिस्त्री हसला. "ताई, असं सर्वगुणसंपन्न स्थळ मिळायचं नाही."

"मिळेपर्यंत मी बसने जाईन."

आणि ती खरंच बसने जाऊ लागली. सुट्टीच्या दिवशी दोघी भंगारवाल्यांचे अड्डे पालथे घालू लागल्या. एका मालवाहू व्हॅनचा दणकट ॲक्सल मिळाला. त्यात चाकाचा भार बाहेरच्या नळीवर होता, दांड्याचं काम फक्त फिरवण्याचं. भिंगरी हरखली. वहिनीने टेप लावली. चाकं दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर आली असती.

"तेवढ्याने काय बिघडतं?"

"बाजाराच्या गल्लीत लोकांच्या पायांवरून जाईल," वहिनी म्हणाली आणि टेप गुंडाळून चालू लागली.

चाकाचा भार नळीवरच घेणारा, पण हवा तसा अरुंद ॲक्सल सापडला तो एका जुन्या पिकअपखाली, चिखलात रुतलेला. माप जुळलं. वहिनी भंगारवाल्याशी बोलणार, इतक्यात भिंगरीने झाकण उघडायला लावलं, गुडघ्यावर बसून चिंधीने आतलं ग्रीस पुसलं आणि गिअरचे दात मोजले.

"थांब वहिनी. आपल्या पुढच्या ॲक्सलशी हे जुळत नाहीत. चारही चाकांना जोर दिला की पुढची चाकं एका गतीने ओढतील, मागची दुसऱ्या. सगळं तुटेल."

वहिनीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिने नणंदेकडे पाहिलं. "तू नसतीस तर मी तोंडावर आपटले असते."

"ॲक्सल घेऊ. आतला गिअरचा जोड पुढच्यासारखा बसवू," भिंगरी म्हणाली.

मिस्त्रीने कुरकुरत का होईना, पण मन लावून काम केलं. नवे जाड दांडे आले, डिफरेन्शियलमध्ये दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर बसला, आणि त्याच्या खटक्याची केबल चालकाच्या उजव्या हाताशी आली.

मग दोघी त्याच घळीत गेल्या. भिंगरीने किल्ली वहिनीच्या हातात दिली. मागचं चाक उचललं गेलं, गाडी थबकली. वहिनीने चाक फिरायचं थांबवून खटका ओढला आणि हलकेच ॲक्सिलरेटर दाबला. जमिनीवरच्या चाकाने खडक धरला. जीप गुरगुरत, दगड मागे ढकलत माथ्यावर चढली.

खाली सडकेला लागताच वहिनीने खटका सोडला. बाजाराच्या वळणावर गाडी आवाज न करता वळली.

सोमवारी तिने आधी सासूबाईंना दवाखान्यात सोडलं, मग तिपाई आणि यंत्र जीपमध्ये मागे ठेवून डोंगराकडे निघाली. घळीपलीकडची जमीन अजून मोजायची राहिली होती.