आन्याचा गुडघा

पाडव्याच्या कार्यक्रमाला मी येणार नाही, असं सिद्धेशनं बायकोला, रेणूला, स्वच्छ सांगितलं होतं. रेणूनं ते नीट ऐकून घेतलं आणि त्याचा कुर्ता इस्त्री करून ठेवला. त्यामुळे रविवारी सकाळी, खरा पाडवा होऊन गेल्यावर, अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या एका शाळेच्या हॉलमध्ये हा गृहस्थ कडक कुर्त्यात बसला होता. डोक्यात मात्र बास्केटबॉलच चालू होता.

आठवडाभर सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवार मुलींच्या टीमचा कोच, असं त्याचं आयुष्य. तिथल्या मराठी मंडळाला त्याचं तोंड दिसत नसे ते यामुळेच. उन्हाळ्याच्या लीगचा ड्राफ्ट आजच दुपारी होता. सगळे कोच एका टेबलाभोवती बसतात आणि आळीपाळीनं एकेक मुलगी आपल्या टीममध्ये मागून घेतात. गेल्या वर्षी जो शेवटचा आला त्याला पहिली संधी. शेवटचा कोण आला होता, हे वेगळं सांगायला नको. त्याच्या टीममधली सगळ्यात भरवशाची मुलगी दुसऱ्याच मॅचमध्ये पाय मोडून घेऊन बसली आणि मग टीमचं पानिपत झालं. यंदाही तळाला राहिली तर टीम लीगमधून बाद होणार होती.

पहिली निवड कोणाची करावी, यात खरं तर वाद नव्हता. आन्या. सोळा वर्षांची, उंच, आणि हात असा की बॉल कडीला न लागता जाळीतून खाली यायचा. पण पोरीचं शरीर म्हणजे काचेचं भांडं. आज घोटा, उद्या पाठ, परवा मनगट. गेली दोन वर्षं हिवाळ्याच्या लीगमध्ये ऐन मॅचच्या तोंडावर आईचा मेल यायचा आणि आन्या गैरहजर. गेल्या ड्राफ्टमध्ये तिला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. आणि काल, शेवटच्या ट्रायलच्या दिवशी, मेल आलाच. गुडघा.

"तू अजून तिथेच अडकलायस?" रेणू म्हणाली. "घ्यायचं तर घे, नाहीतर सोड यार."

"सोडली," सिद्धेश म्हणाला. "मोनाला घेतो. तिचा नेम लागत नाही, पण निदान शेवटपर्यंत उभी तरी राहते."

इतक्यात ताशा कडाडला आणि नऊवारीतलं लेझीम पथक स्टेजवर आलं. पहिल्या रांगेत मधोमध, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, आन्या होती.

सिद्धेश ताडकन उठला. "काका, बसा ना," मागून कोणीतरी ओरडलं. तो बसला नाही. त्याचा जीव त्या गुडघ्यात अडकला होता. पोरगी खाली बसत होती, उडी मारून उठत होती, गिरकी घेत होती. आता पडते, मग पडते, असं वाटून त्यानं रेणूचा हात घट्ट धरला. मग हळूहळू त्याच्यातला कोच जागा झाला. दुखऱ्या गुडघ्याचं माणूस असं एका पायावर उतरत नाही. आणि उतरलंच, तर हसत नक्कीच नाही.

पथक बसवलं होतं आन्याच्या आईनं, पद्मिनीनं. ती स्टेजमागे मुलींचे गजरे सोडवत होती, तिथे सिद्धेशनं रेणूसकट तिला गाठलं.

"पद्मिनीताई, आन्याच्या गुडघ्याला काय झालंय?"

"तुम्ही... ते बास्केटबॉलचे कोच?" पद्मिनीच्या हातातला गजरा तसाच राहिला. "अगंबाई! तुम्ही इथे कसे?"

"मीही मराठीच आहे हो. गुडघ्याचं बोला."

"काल लास्ट रिहर्सल होती," ती खाली मान घालून म्हणाली. "आता त्या लीगवाल्यांना लेझीम कसं एक्सप्लेन करायचं? गुडघा म्हटलं की कोणी काही विचारत नाही. उलट 'गेट वेल सून' म्हणतात."

"आणि जानेवारीत पाठ?"

"घरी हळदीकुंकू होतं. इतक्या बायका, मला एकटीला झेपेना."

"मनगट?"

"भाच्याची मुंज, पुण्याला. घोटा म्हणाल तर लक्ष्मीपूजन." मग घाईघाईनं म्हणाली, "पण ताप कधी नाही सांगितला हं! पोटच्या पोरीबद्दल असलं अशुभ बोलवत नाही. घोटा कसा, दोन दिवसांत बरा होतो."

हसावं की डोकं आपटावं, हे सिद्धेशला कळेना. "ताई, गेल्या वर्षी तिला कोणीच घेतलं नाही. का, माहितीये?"

"सीनिअर मुलींना आधी घेत असतील, असं वाटलं."

"नाही. ती मोडकी आहे, असं सगळे समजतात म्हणून."

पद्मिनी जवळच्या खुर्चीवर मटकन बसली. तेवढ्यात आन्या घामाघूम होऊन आत आली आणि कोचला बघून जागच्या जागी थिजली. "मॉम? व्हॉट हॅपन्ड?"

पद्मिनीनं काहीही लपवलं नाही. सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं. आन्या लेझीम छातीशी धरून ऐकत राहिली.

"सो इट वॉजन्ट मी?" तिनं शेवटी विचारलं. "मला कोणी पिक केलं नाही, दॅट वॉजन्ट बिकॉज आय वॉज बॅड?"

"नाही गं राणी. मीच केलं ते."

आन्यानं आईकडे बघितलं, सिद्धेशकडे बघितलं, आणि वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरल्यासारखी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहत होते. सिद्धेशनंही कुर्त्याच्या बाहीला डोळे पुसले आणि वर रेणूला सांगितलं, की अत्तराचा त्रास होतोय.

दुपारी टेबलाभोवती त्यानं पहिलंच नाव आन्याचं घेतलं. बाकीच्या कोचनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. "तिचा गुडघा?" एकानं कीव येऊन विचारलं. "एकदम ठणठणीत," सिद्धेश म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

त्या उन्हाळ्यात टीम काही पहिली आली नाही. पण तळापासून चांगली लांब राहिली आणि आन्यानं एकही मॅच चुकवली नाही. जुलैत एकदा तिच्या आईचा मेल आला, तेव्हा जुन्या सवयीनं सिद्धेशनं कपाळाला हात लावला. मेल उघडून तो एकटाच मोठ्यानं हसला. आत लिहिलं होतं: "आन्या उद्या प्रॅक्टिसला येणार नाही. गुडघा, घोटा, पाठ सगळं उत्तम आहे. तिच्या मावसबहिणीचं डोहाळजेवण आहे. रेणूला घेऊन तुम्हीही या."