उसनी दाढी

दाढी राखण्यात नंजुंडप्पाचा फायदा सरळ होता: सिनेमाच्या दुसऱ्या भागात पुन्हा एकदा तोंड दिसणार. पहिल्या भागात तो मजुरांच्या गर्दीतून कुदळ घेऊन वळला होता, डावा खांदा पाडून, रोखून बघत. पापणी लवेपर्यंत प्रसंग संपे. पण सिनेमा असा काही चालला, की बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीचे करडे ढिगारे बघायला बेंगळुरूहून गाड्या येऊ लागल्या, गावातल्या पोरांनी दाढ्या राखल्या आणि इडलीच्या हॉटेलाने नाव बदललं. पाहुणे नंजुंडप्पाबरोबर फोटो काढत. कुदळ तो घरूनच नेई. आयत्या वेळी कुणाकडे मागायची?

गर्दीला माणसं पुरवायचं काम त्याचा मेहुणा, बायको गौरम्माचा भाऊ रंगस्वामी करी. त्याने बजावलं होतं, "भावजी, एक केस कापायचा नाही. दुसऱ्या भागात माणूस तस्साच दिसला पाहिजे."

अडचण होती ती नवसाची. नवरा छातीच्या दुखण्यातून उठला तर त्याचे केस आणि दाढी तिरुपतीला वाहीन, असं गौरम्मा बोलून बसली होती. तो उठला, सिनेमातही गेला, नवस तसाच. तिने भावाकडे विषय काढला, तर तो म्हणाला, देव कुठे पळून चाललाय? भावाचा शब्द म्हणून ती गप्प बसली. तसबिरीपुढे दिवा मात्र नजर चोरून लावी.

एकदा रंगस्वामीने घरी येऊन भावजींचे फोटो काढले, कुदळ घेऊन वळणं पुन्हा पुन्हा करून घेतलं. दिग्दर्शकाला दाखवायचंय म्हणाला. नंजुंडप्पाने खांदा कसा पाडायचा तेही हौसेने शिकवलं. मग रंगस्वामी मूतखड्याच्या उपचाराला बेंगळुरूला गेला आणि चांगला गुटगुटीत होऊन परतला. शूटिंग उरकलं, म्हणाला; तुमचा प्रसंग त्यांनी जुन्या चित्रीकरणातूनच घेतलाय. नंजुंडप्पा हिरमुसला, पण तोंड दिसणार होतं ना.

पहिल्या खेळाला नायकाच्या उंच कटआउटवर दुधाचे कॅन रिते झाले. पायाशी कोहळा फोडायचा मान नंजुंडप्पाला मिळाला. आत तो प्रसंग आला. कुदळ वळली, डावा खांदा पडला, थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. मागच्यांनी नंजुंडप्पाची पाठ थोपटली. पुढच्या रांगेत बसलेला रंगस्वामीही शिट्टी वाजवत होता.

गौरम्माने नवऱ्याचं मनगट धरलं. "अहो, ते तुम्ही नाही. भुवई बघा."

लहानपणी विहिरीच्या काठावर आपटून दुभंगलेली तिच्या भावाची भुवई. गौरम्मानेच तिच्यावर हळद दाबली होती.

मध्यंतरात नंजुंडप्पाने गौरम्मासह मेहुण्याला सोड्याच्या गाडीपाशी गाठलं. रंगस्वामीने नाकारलं नाही.

"भावजी, गावाला तर तुम्हीच दिसलात. शिट्ट्या तुमच्या, मान तुमचा. मग बिघडलं काय?"

"मग मला दाढी कशाला राखायला लावलीस?"

"मेकअपवाल्याला नमुना नको?" रंगस्वामीने बाटली पुढे केली. "घ्या, थंड आहे."

बाटली कुणी घेतली नाही. गौरम्मा एवढंच म्हणाली, "रंगा, तुझ्या भरवशावर मी देवाला थांबवलं."

उरलेला सिनेमा न बघता दोघं तिरुपतीच्या बसमध्ये बसली. परतल्यावर तुळतुळीत डोक्याचा नंजुंडप्पा सवयीने ढिगाऱ्यांकडे गेला, तर एका पाहुण्याने त्याला फोटोतून जरा बाजूला व्हायला सांगितलं. मध्ये रंगस्वामी उभा होता, कुदळ घेऊन. दाढी आता स्वतःची वाढवत होता.

भाद्रपदात गौरीच्या सणाला भावाकडून बहिणीला वाणाचं भरलेलं सूप आलं: साडी, बांगड्या, नारळ. दरवर्षी गौरम्मा ते पदरात घेई. यंदा तिने उंबऱ्यातूनच परत पाठवलं आणि दार लावून घेतलं. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून तेवढं एक सूपच उरलं होतं.

सिनेमाला हवा तो मजूर मिळाला, रंगस्वामीला तोंड, देवाला उशिरा का होईना केस. नंजुंडप्पाच्या दाढीचे खुंट तर पुन्हा उगवू लागले होते. किंमत मोजली ती गौरम्माने.