पाण्यावरची हाक

आलेइतने जिन्याच्या सातव्या पायरीवर खडूने रेघ ओढली. कालची, परवाची आणि आजची रेघ एकाच जागी आली होती. घरात शिरलेले पाणी आठ दिवस तिथेच अडकून बसले होते, चढेना की उतरेना. खाली अंधारात तिच्या नवऱ्याची खुर्ची भिंतीला हळूहळू धडका देत तरंगत होती.

"चढलं का मावशी?" माळ्यावरून हार्पर्टने विचारले.

"नाही. वारा अजून पूर्वेचाच आहे, समुद्राचं पाणी आत येऊ देत नाही."

"म्हणजे आणखी एक दिवस तुमचं चीज संपवायचं."

"संपलंय ते. आता साल उरलीय. तुमचे दात बळकट असतील तर चावा."

वर कुणीतरी हसले. हार्पर्ट आणि त्याचे तीन साथीदार स्पेनविरुद्ध उठलेल्या राजपुत्राच्या बंडखोर आरमारातले होते. लायडन शहराला स्पॅनिशांचा वेढा पडला होता, आत लोक उपाशी मरत होते, आणि तिथवर नावा नेता याव्यात म्हणून बंडखोरांनी समुद्राचे बांध फोडून सगळा मुलूख पाण्याखाली घातला होता. पण नावा पुढे जाण्याइतके पाणी अजून चढले नव्हते, म्हणून हे चौघे इथे अडकले होते. हे लोक स्वतःला अभिमानाने 'भिकारी' म्हणवत. टोपीत पत्र्याची चंद्रकोर खोचत. पोपची चाकरी करण्यापेक्षा तुर्काची बरी, असा तिचा अर्थ. हार्पर्ट तिच्याशी अदबीने वागे. आलेइतला तेच जड जाई. दोन वर्षांपूर्वी अशाच चंद्रकोरवाल्यांनी तिच्या भावाला, गावच्या पाद्र्याला, धान्याच्या कोठारात आढ्याला टांगले होते.

त्या दिवशी तिच्या दोन मुलांच्या वाटा फुटल्या. थोरला योरिस आधीच भिकाऱ्यांच्या नावेवर होता. तो त्या टोळीत नव्हता, पण त्याच्या टोपीतही चंद्रकोर होती. धाकट्या वाउटरने मामाला स्वतःच्या हातांनी खाली उतरवले, पुरले, आणि तो थेट स्पॅनिशांच्या गढीकडे गेला. पाण्याखालचा प्रत्येक चर, प्रत्येक बांध त्याला पाठ होता. आता तो त्यांचा वाटाड्या होता. हार्पर्टला हे माहीत होते. तो त्याबद्दल बोलत नसे, इतकेच.

आलेइत वर आली. गवत चढवायचे माळ्याचे मोठे दार उघडे होते आणि त्याच्या उंबऱ्याखाली हातभर अंतरावर पाणी लागत होते. बाहेर धुके इतके दाट की अंगणातल्या पेअरच्या झाडाचा शेंडाही दिसत नव्हता. सकाळ असूनही उजेड कुठून येतोय ते कळत नव्हते.

तेवढ्यात हाक आली.

"आई!"

चौघांनीही बंदुका उचलल्या. एकाने बंदुकीच्या जळत्या वातीवर फुंकर घालून ती फुलवली.

"आई!" पुन्हा. जवळून नाही, लांबूनही नाही.

हार्पर्ट तिच्याजवळ सरकला. "कुणाचा आवाज?"

दोन्ही मुलांचा आवाज एकच होता. नवरा हयात असताना दाराबाहेरून हाक आली की तो जागचा न उठता म्हणे, "आलाय दोघांतला एक." फक्त आलेइतला फरक कळे. योरिस हाक मारता मारताच आत शिरायचा. वाउटर हाक मारून थांबायचा, कुणी ओ देईपर्यंत.

"मावशी, त्याच्यामागं स्पॅनिशांनी भरलेली नाव असली तर आपण पाचही जण मेलो. थोरला की धाकटा?"

"आई!" तिसऱ्यांदा. आणि मग शांतता. कुणीतरी वाट बघत उभे आहे अशी.

"योरिस आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"मी जन्म दिलाय त्याला. तुम्ही नाही."

हार्पर्टने तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मग हाताने खूण केली. बंदुका खाली झाल्या. आलेइतने दोन्ही हात ओल्या एप्रनमध्ये गुंडाळून घेतले.

नाव दिसायला बराच वेळ लागला. वल्ह्याचा आवाज नव्हता, नुसता पाणी ढकलल्याचा. नाव दारापाशी आली तेव्हा तीत एकच माणूस बसलेला होता. तुटक्या फळीने तो नाव रेटत होता. टोपीत चंद्रकोर होती.

योरिस होता.

"बघा, आईचा कान!" हार्पर्ट मोकळे हसला. "काय रे, तीनतीनदा ओरडायला काय झालं? आणखी एकदा ओरडला असतास तर कपाळात गोळी बसली असती."

योरिसने मान हलवली. गळ्याकडे बोट नेले आणि तोंड उघडले. आतून नुसती हवा आली, भात्यातून यावी तशी.

"बसलाय गळा? कधीपासून?"

योरिसने एक बोट वर केले. एक दिवस.

"मग आता हाका कुणी मारल्या?"

योरिस त्याच्याकडे बघतच राहिला. मागच्या एका भिकाऱ्याने छातीवर क्रूस काढला आणि लगेच हात पाठीमागे लपवला. पाद्र्यांना फासावर देणाऱ्यांनी असे करायचे नसते.

आलेइत उंबऱ्यावर बसली, पाय खाली सोडून नावेत उतरली. नाव डचमळली. मागच्या अंगाला शिडाचे कापड पसरले होते आणि त्याच्या टोकातून दोन बूट बाहेर आले होते. डाव्या बुटाला तिने स्वतः ठिगळ लावले होते.

तिने कापड बाजूला केले.

वाउटर डोळे मिटून पडला होता. अंग लाकडासारखे झाले होते. तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग कोटाची बटणे काढली. बरगडीखाली जखम होती, लहान, तीन कोनांची. भिकाऱ्यांच्या नाव रेटायच्या लांब दांड्याला जो लोखंडी आकडा असतो, तो अशी जखम करतो. हार्पर्टच्या चौघांचे दांडे माळ्यावर भिंतीला टेकून उभे होते. या नावेत दांडा नव्हता.

"तुझा आकडा कुठं आहे?" तिने अगदी खालच्या आवाजात विचारले.

योरिसने पाण्याकडे बोट केले. मग तिच्या कानाशी वाकला. त्याचा श्वास थंड होता.

"काल पहाटे, बांधापाशी. असंच धुकं होतं. मी 'कोण आहे?' म्हणून ओरडलो. समोरून 'कोण आहे?' आलं. माझाच आवाज, आई. मला वाटलं पाण्यावरून परत आला. तेवढ्यात नावेचं टोक अंगावर आलं. मी..."

पुढे त्याला श्वासही पुरला नाही.

"मग?"

"मग तो 'योरिस' म्हणाला."

आलेइतने कोट पुन्हा जुळवला. एकेक बटण लावले, खालपासून गळ्यापर्यंत. बोटे गारठली होती, वरचे बटण काजात जाईना. तिने ते तिसऱ्या वेळी घातले.

वरून हार्पर्ट नावेत उतरला. त्याने प्रेताच्या तोंडाकडे पाहिले, मग योरिसच्या. दोन्ही चेहरे इतके सारखे होते की ओळख पटायला वेळ लागला नाही.

"हाच तो वाटाड्या," तो म्हणाला. आवाज जरा चढला. "यानंच आमच्या तीन नावा गाळात घालून दिल्या. एकोणीस माणसं चिखलात मारली गेली. ज्यानं याला गाठला, त्याला आरमाराचे सरदार सगळ्यांसमोर टोपी काढून मुजरा करतील. स्वतःची नाव देतील. कुणी मारला? योरिस, तू?"

योरिसने तोंड उघडले. ओठ 'हो'साठी गोल झाले.

"बुडाला," आलेइत म्हणाली.

हार्पर्ट तिच्याकडे वळला.

"पोहता येत नव्हतं त्याला. लहानपणापासून पाण्याला भ्यायचा. बुडाला. भावाला तो तरंगताना सापडला, म्हणून घरी आणलाय."

हार्पर्ट वाकला आणि बरगडीवर कोटाच्या कापडाला अंगठा दाबला. उचलला तेव्हा अंगठा तांबूस झाला होता. त्याने तो निरखून पाहिला. माळ्याच्या दारातून तिघे जण खाली बघत होते.

"काय झालं नायक?" एकाने विचारले.

हार्पर्टने हात नावेच्या बाहेर पाण्यात घातला आणि सावकाश धुतला.

"काही नाही. बुडालाय बिचारा." मग आलेइतला म्हणाला, "शत्रूचा माणूस असता तर पाण्यातच ढकलायचा हुकूम आहे. बुडालेल्याला पुरायला हुकूम लागत नाही. चर्चची टेकडी कोरडी आहे. दोन कुदळी घ्या रे."

टेकडीवर तिने जागा दाखवली, तिच्या पाद्री भावाच्या शेजारची. माती वरवर कोरडी होती, पण दोन हात खणल्यावर खालून पाणी झिरपू लागले. योरिस एकटाच खणत होता. दुसऱ्या कुणाला त्याने कुदळ लावू दिली नाही. पाणी तो टोपीने उपसून टाकत राहिला, चंद्रकोरीसकट. प्रार्थना म्हणायला कुणी नव्हते. आलेइतला सगळी येत नव्हती. येत होती तेवढी तिने म्हटली.

माती लोटून होईतो दुपार कलली. तिच्या गालाला गार हवा लागली, तशी तिने मान वळवली. हार्पर्टचेही तिकडेच लक्ष होते. वारा समुद्राकडून यायला लागला होता. धुके फाटत होते आणि पाण्यावर पहिल्यांदाच लाटा उठत होत्या.

"आलं, आलं पाणी!" भिकारी ओरडले. "लायडन!"

सगळे नावांकडे धावले. हार्पर्टने योरिसला बोलावले. "गळा नसला तरी हात आहेत ना? चल!"

योरिस आईपुढे येऊन उभा राहिला. मातीने भरलेले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हते. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने एप्रनने ते पुसले, आधी उजवा, मग डावा, बोटांच्या बेचक्यांतली माती काढत.

"जा," ती म्हणाली. "माळ्याचं दार मी लावणार नाही. कधीही ये."

त्याने मान हलवली आणि वळला. चार पावले गेल्यावर ती पुन्हा बोलली.

"योरिस, फक्त बाहेरून हाक मारू नकोस. नुसता आत ये."