जगाच्या राजाचं केळं

ताटात मांडायच्या केळ्यांपैकी एकाच्या सालीवर मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता. अविटलने ते केळं बाजूला ठेवलं, पुन्हा उचललं, उजेडात धरून पाहिलं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईला ठिपका दिसला की चैन पडत नाही. तिचे वडील एलिजा म्हणाले, राहू दे, गोड असेल. मग तेही मलिद्याच्या ताटात गेलं. मधोमध गूळ-खोबरं घातलेले भिजवलेले पोहे, भोवती खजूर आणि शेजाऱ्यांनी नेरे गावातल्या शेतातून आणून दिलेली केळी.

हा मलिदा ज्यू घरांत करतात तसा, देवाच्या आभाराचा होता. दिवाळीच्या सुमारास एलिजांच्या छातीत कळ आली, तेव्हा अविटल कामावर होती. शेजारच्या नीताकाकूंनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. घरी आल्यावर अळणी पेजेची वाटी घेऊन त्या रोज समोर बसायच्या आणि ती संपेपर्यंत उठायच्या नाहीत. तेव्हापासून एलिजा त्यांना राणीसरकार म्हणू लागले.

साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये इस्राएलमधल्या अश्दोदहून रुबेन दिसत होता, अविटलचा धाकटा भाऊ. तो कधीपासून दोघांना कायमचं तिकडे बोलावत होता. घर महालासारखं आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, राजेशाही थाटात राहाल, असं त्याचं चाललेलं असायचं. अविटल दर वेळी बाबांची तब्येत पुढे करायची. बाबा म्हणायचे, अवी म्हणेल तसं. आता डॉक्टरांनीच प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. रुबेनला आज उत्तर हवं होतं.

एलिजांनी टोपी नीट केली. खजूर उचलून हिब्रूत आशीर्वाद म्हटला आणि मग शेजाऱ्यांना कळावा म्हणून मराठीत. परमेश्वरा, आमच्या देवा, जगाच्या राजा, झाडाचं फळ तू निर्माण केलंस. नंतर त्यांनी नेमकं ते ठिपक्याचं केळं उचललं आणि, केळीला झाड धरत नाहीत म्हणून, जमिनीच्या फळासाठी पुन्हा त्याच राजाला हाक मारली.

नीताकाकूंना राहवलं नाही. "एलिजाभाऊ, एवढा जगाचा राजा, आणि त्याला हाक कशासाठी, तर केळ्यासाठी? हत्ती नाही, सिंहासन नाही."

"हत्ती-सिंहासन लहान राजांना लागतं," एलिजा म्हणाले. "आमच्या राणीसरकारसुद्धा पेजेची वाटी घेऊनच यायच्या की."

"मारा टोमणे. केळं मात्र अख्खं संपवायचं."

सगळे हसले, फोनमधला रुबेनसुद्धा.

अविटल लहानपणापासून हे शब्द ऐकत आली होती. भाकरीवर, पाण्यावर, ढग गडगडले तरी. त्यांत कुठे महाल असल्याचं तिला आठवेना. हाती काहीतरी आलं की त्या राजाचं नाव निघायचं, एवढंच. आणि या घरात गेल्या काही महिन्यांत किती काय आपसूक हाती आलं होतं, ते तिला कुठल्या मापाने मोजता आलं नसतं.

नीताकाकूंनी मलिद्याची पहिली मूठ तिच्या तळहातावर ठेवली. "खा गं माझी राणी. सकाळपासून उपाशी आहेस."

तिने खाल्लं.

"मग, अवी?" रुबेनने विचारलं. "बाबांची तब्येत तर आता ठीक आहे."

एलिजा केळ्याची साल सोलत राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"हो, बाबा ठीक आहेत," अविटल म्हणाली. "रुबेन, मला इथून जायचं नाही."